अनोळखी माणसांची पंगत : सवाना ते नॅशव्हिल, सात दिवस

दिवस पहिला, रविवार : सवाना

जूनच्या सुरुवातीला अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातल्या सवानाची हवा म्हणजे कोकणातला मे अखेर. सकाळपासून अंगाला चिकटणारा दमटपणा, दुपारी तीन-चारच्या सुमारास आभाळ भरून येतं, अर्धा तास धो धो कोसळतं आणि परत ऊन. जेम्स ओगलथॉर्पने १७३३ मध्ये हे गाव वसवलं ते चौक मध्ये ठेवून. पुढे वाढून चोवीस झालेल्या त्या चौकांपैकी बावीस आजही शाबूत आहेत. प्रत्येक चौकात ओकची सावली आणि फांद्यांवरून लोंबणाऱ्या करड्या जटा. त्यांना स्पॅनिश मॉस म्हणतात, पण ते शेवाळ नाही. ती अननसाच्या कुळातली वनस्पती आहे.

हा प्रवास एकाच गोष्टीभोवती आखला होता: अमेरिकेच्या दक्षिणेतल्या बोर्डिंग हाऊसची जेवणं. आपल्याकडे गिरणगावात खानावळी होत्या, तसाच हा प्रकार. गावात नोकरीला आलेले शिक्षक, रेल्वेतली माणसं, फिरते विक्रेते एखाद्या बाईच्या घरी खोली घेऊन राहायचे आणि सगळे एका लांब टेबलाशी जेवायचे. वाडगे मध्ये ठेवलेले, ज्याने त्याने वाढून घ्यायचं आणि पुढे सरकवायचं. राहणारे भाडेकरू गेले, पण काही ठिकाणी टेबल मात्र राहिलं. तुम्ही दोघेच गेलात तरी दहाजणांच्या टेबलावर आठ अनोळखी माणसांबरोबर बसता.

मुक्काम जोन्स स्ट्रीटपासून चालत जाता येईल असा निवडा. उद्या जेवल्यावर गाडी चालवावीशी वाटणार नाही.

दिवस दुसरा, सोमवार : वेस्ट जोन्स स्ट्रीट

मिसेस विल्क्स डायनिंग रूम १०७ वेस्ट जोन्स स्ट्रीटवर आहे. १८७० ची विटांची इमारत, रस्ताही विटांचा, दोन्ही बाजूंनी ओकची कमान. पाटी इतकी छोटी की ओळखण्याची खूण म्हणजे रांगच. सोमवार ते शुक्रवार, सकाळी अकरा ते दुपारी दोन, बस्स. शनिवार-रविवार बंद, जानेवारीत बंद. टेबल राखून ठेवण्याची सोय नाही.

रांगेचं गणित समजून घेतलं तर त्रास कमी होतो. एका वेळी खोलीत मावतील तेवढी दहा-दहाची टेबलं भरतात आणि पहिल्या लोटातली माणसं उठेपर्यंत रांग जवळजवळ हलत नाही. साडेदहाच्या आत पोचलात तर पहिल्या किंवा दुसऱ्या लोटात नंबर लागतो. अकरा वाजता पोचलेला माणूस दहा वाजता पोचलेल्यापेक्षा तासभर नव्हे, सहज दीड-दोन तास मागे पडतो. छत्री दोन्हीसाठी लागते, उन्हाला आणि पावसाला. पाणी बरोबर ठेवा. इथे वर्षानुवर्षं रोखीने पैसे देण्याचा रिवाज आहे, म्हणून प्रत्येकी पुरेशी रोकड आणि वर अठरा-वीस टक्के टीप एवढं खिशात असू द्या. ताटं तुम्ही उचलता म्हणून टीप कमी करायची नसते. जड वाडगे भरून आणणाऱ्या माणसांचं काम त्याने हलकं होत नाही.

आत गेलात की वाट पाहणं संपतं. तुम्ही खुर्ची ओढता तेव्हा टेबल आधीच भरलेलं असतं. वीसेक वाडगे आणि बशा, एकमेकांना खेटून. तळलेलं चिकन, बीफ स्ट्यू, सॉसेज, कॉलर्डची भाजी, चवळी, बटर बीन्स, भेंडी-टोमॅटो, रताळ्याचं गोड सूफ्ले, मॅकरोनी-चीज, कुस्करलेला बटाटा, लाल भात, बीटचं लोणचं, मक्याच्या पिठाचे मफिन, गरम बिस्किटं. उंच ग्लासात बर्फ घातलेला गोड चहा. जेवणाआधी छोटी प्रार्थना होते, तोवर चमच्याला हात लावायचा नाही. आपल्या ‘वदनि कवळ घेता’ची सवय असलेल्यांना हे सांगावं लागत नाही.

पहिल्या फेरीत बहुतेक सगळे एकच चूक करतात. वीस वाडग्यांतून मोठे दोन-दोन चमचे घेतले तरी जवळपास सहाशे ग्रॅम अन्न ताटात येतं, चिकन सोडून. म्हणून पहिल्या फेरीत सात-आठ पदार्थ, तेही एकेक चमचा. वाडगा रिकामा झाला की भरून मिळतो, त्यामुळे घाई नाही. दुसरी चूक वाडग्यांच्या दिशेची. सगळे वाडगे एकाच दिशेने फिरले तर टेबल वाहतं राहतं. मधल्याच कुणी समोरच्याला आडवा वाडगा दिला की एका कोपऱ्यात सहा वाडगे साचतात आणि दुसऱ्या टोकाला माणसं रिकाम्या ताटाकडे बघत बसतात. लांबून हात घालून बशी ओढण्याला तिकडे ‘बोर्डिंग हाऊस रीच’ असं नावच आहे. ते करू नका. “जरा इकडे देता का?” एवढंच म्हणायचं, आणि त्या एका वाक्यावरून बोलणं सुरू होतं. आमच्या शेजारी अलाबामाहून आलेल्या एक निवृत्त शिक्षिका होत्या. कॉलर्ड कसे धुवायचे हे त्यांनी काट्याने हवेत दाखवून समजावलं: मोठ्या घमेल्यात पानं बुडवायची, हलवायची आणि पानं वर उचलून घ्यायची. पाणी ओतून द्यायचं नाही, नाहीतर तळाशी बसलेली वाळू परत पानांवर येते. तीनदा.

कॉलर्डची चव मराठी जिभेला परकी नाही. कोबी, नवलकोल आणि कॉलर्ड ही एकाच जातीच्या वनस्पतीची रूपं. नवलकोलाचा कोवळा पाला खाल्ला असेल तर ओळख पटते, फक्त इथे तो तास-दोन तास मंद शिजलेला असतो आणि खाली काळपट हिरवं, खारट, धुरकट पाणी राहतं. त्याला पॉट लिकर म्हणतात. मक्याच्या मफिनचा तुकडा त्यात बुडवून खायचा.

तो धुरकट वास धुरावलेल्या डुकराच्या हाडाचा असतो, आणि शाकाहारी मंडळींसाठी इथे खरी अडचण आहे. “यात मांस आहे का?” असं विचारलं तर प्रामाणिकपणे “नाही” असं उत्तर मिळू शकतं, कारण हाडाने किंवा बेकनच्या चरबीने चव आणणं याला दक्षिणेत मांस घालणं समजत नाहीत. प्रश्न असा विचारा: “सीझन्ड विथ पोर्क ऑर चिकन ब्रॉथ?” शेंगभाज्या, चवळी, कॉलर्ड, कोबी, लाल भात या सगळ्यांना हा प्रश्न लागू. बिस्किटांत कधी लार्ड म्हणजे डुकराची चरबी असते, तेही विचारा. मॅकरोनी-चीज, रताळं, बीट, काकडीचं सॅलड यांवर सहसा जेवण भागतं. कडक पाळणाऱ्यांनी मात्र पूर्ण पैसे देऊन या टेबलाशी बसण्यात अर्थ नाही, हे स्पष्ट सांगायला हवं.

चिकनचं आवरण पातळ असतं, पापुद्र्यासारखं, आणि चावल्यावर कुर्र वाजतं. पिठाचा जाड थर नाही की मसाल्याचा मारा नाही. तुकड्यांना मीठ-मिरपूड, दुधाचा हलका हात, मग कोरड्या मैद्यात घोळवून जास्तीचा मैदा झटकून टाकायचा आणि तळायचं. बिघडतं ते तेलात. तुकडे फ्रीजमधून थेट कढईत टाकले किंवा एका वेळी दाटीवाटीने भरले की तेल थंड पडतं, मैदा तेल पितो आणि आवरण चामट होतं. उलट तेल फार तापलं तर बाहेरून करपतं आणि हाडाशी लाल राहतं. १६५ ते १७० अंश सेल्सिअसच्या आसपास तेल राखायचं आणि हाडाजवळचं तापमान ७४ च्या वर गेल्याशिवाय तुकडा काढायचा नाही. निथळायला जाळी वापरायची. कागदावर ठेवलं की खालची बाजू वाफेने मऊ पडते.

शेवटी केळ्याचं पुडिंग किंवा पीच कॉब्लर. मग आपलं ताट आपण उचलून स्वयंपाकघरात नेऊन ठेवायचं. हा भाडेकरूंच्या काळातला नियम आजही चालू आहे. २०१० मध्ये राष्ट्राध्यक्ष ओबामा इथे जेवून गेले.

सेमा विल्क्स यांनी १९४३ मध्ये हे बोर्डिंग हाऊस हाती घेतलं. २००० साली जेम्स बिअर्ड फाउंडेशनने ‘अमेरिकाज क्लासिक्स’ हा सन्मान दिला आणि २००२ मध्ये पंचाण्णवाव्या वर्षी त्या गेल्या. घरातली पुढची पिढी ते चालवते आहे. पण टेबलावरच्या वाडग्यांचा इतिहास या घरापेक्षा कितीतरी जुना आहे. भेंडी आणि चवळी आफ्रिकेतून आली. ‘गंबो’ हा शब्दच भेंडीच्या बांटू भाषांमधल्या नावावरून आलेला. सवानाचा लाल भात पश्चिम आफ्रिकेच्या जोलोफ भाताचा भाऊ. या किनाऱ्यावरची भातशेती गुलाम करून आणलेल्या माणसांच्या कौशल्यावर उभी राहिली. दक्षिणेतल्या मोठ्या घरांचा स्वयंपाक पिढ्यान् पिढ्या कृष्णवर्णीय बायकांनी केला आणि त्यांना त्या टेबलाशी बसायला मात्र मनाई होती. मराठीत याला नेमका शब्द आहे, पंक्तिप्रपंच. म्हणून ‘सगळे अनोळखी एकत्र जेवतात’ या कौतुकाला, जेवणघरांतली अशी मनाई बेकायदा ठरवणाऱ्या १९६४ च्या नागरी हक्क कायद्याची तारीख जोडूनच बोलावं.

दिवस तिसरा, मंगळवार : सवाना ते डलोनिगा

सव्वातीनशे मैलांच्या आत, पाचएक तासांचा रस्ता. अटलांटा दुपारी तीनच्या आत ओलांडा, नाहीतर दीड तास तिथेच जातो.

वाटेत दोन थांबे मात्र सोडू नका. आय-१६ महामार्गावरून थोडं दक्षिणेला वळलं की टूम्ब्स काउंटीतलं विडालिया. विल्क्सबाई मूळच्या याच काउंटीतल्या. इथला कांदा सफरचंदासारखा कच्चा खाता येतो. जमिनीत गंधक कमी, म्हणून तिखटपणा कमी. जॉर्जियातल्या ठरावीक वीस काउंटींत पिकलेल्या कांद्यालाच कायद्याने विडालिया म्हणता येतं. एप्रिल ते जून काढणीचा हंगाम. पाणी जास्त असल्याने हा कांदा टिकत नाही. एकेक कांदा कागदात गुंडाळून, एकमेकांना न टेकवता ठेवायचा. भज्यांसाठी चिरल्यावर थोडा वेळ निथळू द्या, नाहीतर पीठ सैल होतं.

दुसरा थांबा रस्त्याकडेच्या टपरीचा: उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगा. मिठाच्या पाण्यात कित्येक तास उकळत ठेवलेल्या, टरफलासकट ओल्या कागदी पिशवीत देतात. आपल्याकडे ओल्या शेंगा उकडतात त्याच, पण मीठ दुप्पट आणि दाणा इतका मऊ की चवळीच्या उसळीची आठवण यावी. गाडीत बसून खाऊ नका, आतलं खारं पाणी कपड्यांवर उडतं.

दिवस चौथा, बुधवार : डलोनिगा

१८२८-२९ च्या सुमारास इथल्या डोंगरांत सोनं सापडलं आणि १८३८ ते १८६१ सरकारी टांकसाळ चालली. गावच्या चौकाजवळचं स्मिथ हाऊस १९२२ पासून पाहुण्यांना जेवू घालतं. २००६ मध्ये दुरुस्तीसाठी फरशी फोडली तर खाली सोन्याच्या खाणीचा उभा बोगदा निघाला. तो झाकून टाकला नाही, पाहता येतो. जेवणाच्या आधी बघा, नंतर जिने नको होतात.

इथेही बशा टेबलावर येतात आणि हवं ते परत मागवता येतं. अशा ठिकाणी उरलेलं सहसा बांधून देत नाहीत, ते ओघानेच आलं.

बिस्किटांबद्दल मात्र थांबून लिहायला हवं, कारण नावामुळे मराठी माणसाचा गोंधळ होतो. हे पार्लेचं बिस्किट नव्हे. बाहेरून सोनेरी, आत पापुद्रे सुटणारा, वाफाळता मऊ पाव. दक्षिणेत ते इतकं हलकं होतं कारण तिथला गहू मऊ, पिठात प्रथिनं कमी. टेनेसीतल्या नॉक्सव्हिलमध्ये १८८३ मध्ये सुरू झालेलं व्हाइट लिली पीठ लोक इतर राज्यांत जाताना सामानात भरून नेतात. घरी मैद्यावर जमतं: २ कप मैदा, ३ छोटे चमचे बेकिंग पावडर, अर्धा छोटा चमचा मीठ, ६० ग्रॅम थंडगार लोणी. लोणी बोटांच्या टोकांनी पिठात मोडायचं, वाटाण्याएवढे तुकडे राहू द्यायचे. ओव्हनमध्ये ते वितळतात आणि त्यांच्या वाफेने पापुद्रे सुटतात. मग पाऊण कप ताक, पण आपलं पातळ ताक नको. घट्ट, दही नुसतं घुसळून केलेलं. मळायचं नाही, गोळा जेमतेम एकत्र आला की थापायचं, दोन-तीनदा घडी घालायची, दोन सेंटिमीटर जाड ठेवायचं. वाटीने कापताना वाटी फिरवू नका, सरळ दाबून सरळ उचला. फिरवली की कडा दाबून चिकटतात आणि बिस्किट एका बाजूला कलतं. एकमेकांना खेटून ठेवा, म्हणजे वर फुगतात. २४० अंशांवर दहा-बारा मिनिटं.

दिवस पाचवा, गुरुवार : लिंचबर्ग, टेनेसी

डलोनिगापासून चारएक तास. या दिवशी घड्याळाकडे लक्ष हवं. जॉर्जिया आणि चॅटनुगा पूर्वेच्या वेळेवर चालतात, चॅटनुगाच्या पश्चिमेला मध्य विभागाची वेळ सुरू होते. म्हणजे तुम्हाला एक तास मिळतो. परत येताना तोच तास जातो आणि पुढची नोंदणी हुकते. फोन आपोआप बदलतो, गाडीतलं घड्याळ बदलेलच असं नाही.

मिस मेरी बोबोज बोर्डिंग हाऊसमध्ये जागा आधी राखून ठेवावीच लागते. मेरी बोबो यांनी १९०८ पासून हे घर चालवलं, १९८३ मध्ये वारल्या तेव्हा शंभरी ओलांडलेली होती. आता ते जॅक डॅनियल व्हिस्कीच्या डिस्टिलरीकडे आहे. सवानापेक्षा इथली रीत वेगळी: जेवणाची घंटा होते, खोल्याखोल्यांतून टेबलं, आणि प्रत्येक टेबलावर यजमानीण म्हणून गावातली एक बाई तुमच्याबरोबर बसते. ती जेवते, वाडगे डावीकडे सरकवायला सांगते आणि गावच्या गोष्टी सांगते. आमच्या टेबलावरच्या बाईंनी प्रत्येकाला आपण कुठून आलो ते सांगायला लावलं. ‘पुणे’ म्हटल्यावर पहिला प्रश्न आला, “तुमच्याकडे भेंडी कशी करतात?”

प्रश्न नेमका होता, कारण समोर तळलेल्या भेंडीचा वाडगा होता. सेंटिमीटरभर जाडीच्या चकत्या, मक्याच्या रवाळ पिठात घोळवून तळलेल्या. त्यांनी सांगितलेली खबरदारी आपल्या आज्या सांगतात तीच: धुऊन पूर्ण कोरडी करायची, मगच चिरायची. मीठ पिठात घालायचं, भेंडीला आधी लावायचं नाही. नाहीतर पाणी सुटून तार येते आणि पीठ गळून पडतं.

टेबलावरच्या शिजवलेल्या सफरचंदांत थोडी व्हिस्की असते, टाळायची असेल तर आधी विचारा. आणि गंमत वाटेल, पण हा मूर काउंटी दारूबंदीचा म्हणून ओळखला जातो. डिस्टिलरीच्या फेरीत नॅथन ‘निअरेस्ट’ ग्रीन हे नाव ऐकायला मिळतं. तरुण जॅक डॅनियलला दारू गाळायला शिकवणारा हा कसबी माणूस गुलाम होता. कंपनीने त्याचं श्रेय उघडपणे मांडायला सुरुवात केली ती २०१६ च्या सुमारास.

दिवस सातवा, शनिवार : नॅशव्हिल

शुक्रवार लिंचबर्गहून दीड तासाच्या प्रवासात आणि विश्रांतीत गेला. सलग दोन दिवस अशी जेवणं झाल्यावर एक दिवस पोटाला सुट्टी द्यावीच.

जर्मनटाऊन भागातलं मोनेल्स १९९५ मध्ये सुरू झालं, बोर्डिंग हाऊसच्या वारशाशिवाय. पण रीत तीच: मोठं टेबल, अनोळखी शेजारी, वाडगे डावीकडे, आणि टेबलावर फोन चालणार नाही. सुट्टीच्या दिवशीच्या न्याहारीलाही तळलेलं चिकन असतं, सोबत बिस्किटं, ग्रेव्ही, तव्यावरची सफरचंदं, ग्रिट्स. ग्रिट्स म्हणजे मक्याच्या कण्या. आपल्या ज्वारीच्या कण्यांसारख्याच, ताकाऐवजी चीज आणि लोण्यात. गुठळ्या होऊ नयेत म्हणून उकळत्या पाण्यात बारीक धारेने सोडतात आणि मंद आचेवर ढवळत राहतात. थंड झाल्या की घट्ट वडी होते, म्हणून हा वाडगा पहिल्यांदा उचला.

टेबलावर नवरा-नवरीसह आलेलं वऱ्हाड होतं, एक ट्रकचालक होता, न्यूयॉर्कचं एक कृष्णवर्णीय कुटुंब होतं. ग्रेव्हीचा वाडगा सगळ्यांत शेवटच्या आजींपर्यंत पोचेपर्यंत रिकामा झाला, तेव्हा त्या ट्रकचालकाने न सांगता उठून भरून आणायला सांगितलं.

तिथून दीडेक मैलावर, चर्च स्ट्रीटवरच्या मुख्य सार्वजनिक वाचनालयात दुसऱ्या मजल्यावर नागरी हक्कांचं दालन आहे. प्रवेशाला पैसे पडत नाहीत. फेब्रुवारी १९६० मध्ये इथले कृष्णवर्णीय विद्यार्थी दुकानांतल्या जेवणाच्या काउंटरवर जाऊन बसू लागले. त्यांना वाढलं जात नसे, मारहाण आणि अटक होई, तरी ते परत येत. १० मे १९६० ला शहरातल्या सहा दुकानांनी त्यांना पहिल्यांदा जेवण वाढलं. आपल्याकडे समतानंद अनंत हरी गद्रे झुणका-भाकर सत्यनारायणाच्या पंगती मांडत तेव्हा त्यांच्यासमोरचा प्रश्न हाच होता, कोण कुणाशेजारी बसणार.

दालनात त्या काउंटरसारखं एक गोल टेबल ठेवलं आहे, भोवती उंच स्टुलं. त्यावर विद्यार्थ्यांनी स्वतःसाठी केलेले दहा नियम कोरलेले आहेत. शिवी दिली तरी उलट बोलू नका. मारलं तरी हात उगारू नका. ताठ बसा, तोंड काउंटरकडे ठेवा. नेत्याने सांगितल्याशिवाय जागा सोडू नका. स्टुलावर बसून ते वाचता येतात.